स्प्लिट एसीचं पाणी घराबाहेर नीट उतरवायचं कसं

एप्रिल संपत आला होता. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीच्या ग्रिलवर, जुन्या सुती साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. संध्याकाळी त्या ताट घेऊन वर आल्या. कडेच्या कुरडया वाळून खणखणीत झालेल्या, मधल्या दहा-बाराचा मात्र पुन्हा चीक झाला होता. "अहो, तुमच्या एसीचं पाणी पडतंय खाली," एवढंच म्हणाल्या. मी ग्रिलमधून वाकून बघितलं. बसवणाऱ्या माणसानं पाइपाचं टोक तसंच मोकळं लोंबत सोडलं होतं, बरोबर त्यांच्या खिडकीवर.

दुसऱ्याच दिवशी मी प्लंबरला बोलावून तो पाइप भिंतीच्या कडेनं बाथरूमकडे वळवून घेतला. खालचं ठिबकणं थांबलं, पण तिसऱ्या रात्री पाणी आमच्याच गादीवर आलं. खिडकीच्या वरच्या पट्टीला वळसा घालताना पाइप चार बोटं वर चढवला गेला होता. पाणी काही चढ चढत नाही, ते मागे फिरलं, एसीच्या आतला पाणी झेलणारा ट्रे भरला आणि काठावरून सांडलं.

त्या आठवड्यात मला एक गोष्ट कळली. नंतर सोसायटीच्या कमिटीत काम करताना बऱ्याच घरांमध्ये ती पुन्हा पुन्हा दिसली. आपण एसी कुठे शोभेल, वारा कुठे येईल, बाहेरचं युनिट, म्हणजे आउटडोर, कुठे टांगता येईल हे सगळं ठरवतो आणि पाण्याचा विचार शेवटच्या दहा मिनिटांवर सोडतो. क्रम उलटा हवा. आधी पाणी कुठे जाणार ते ठरवा, मग इनडोरची, म्हणजे खोलीतल्या युनिटची, जागा.

पाणी येतं किती?

मुंबईची हवा ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेवर असते तेव्हा तिच्या प्रत्येक घनमीटरात साधारण २५ ग्रॅम वाफ असते. म्हणजे दहा बाय बाराच्या, साडेनऊ फूट उंच खोलीतल्या हवेतच ८०० ग्रॅमच्या आसपास पाणी तरंगत असतं. एसीची कॉइल, म्हणजे इनडोरमधली गार पाइपांची जाळी, ८ ते १२ अंशांपर्यंत थंड होते. थंडगार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसाच तिला येतो. खोली २४ अंशांवर आली की हवेत त्याच्या निम्मंच पाणी उरतं, बाकीचं कॉइलवरून ट्रेमध्ये उतरतं. शिवाय दाराखालून, खिडकीच्या फटीतून नवी दमट हवा येतच राहते. दीड टनाचा एसी आपल्याकडच्या दमट दिवसांत तासाला एक ते दोन लिटर पाणी सहज काढतो. रात्रभर चालला तर बादली भरते.

नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात हाच एसी जेमतेम ठिबकतो. तिकडे जी जोडणी वर्षानुवर्षं चालून जाते, ती इथे पहिल्याच उन्हाळ्यात उघडी पडते. आणि पाणी काढणं हे काही एसीचं चुकून होणारं काम नाही. १९०२ साली विलिस कॅरियरनं ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली आधुनिक यंत्रणा आखली ती मुळात दमटपणा काबूत ठेवायला. तिथे कागद ओल धरून फुगत होता आणि रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते. मुंबईत आपल्याला जो आराम वाटतो, त्यातला मोठा वाटा हवा कोरडी होण्याचा असतो.

आधी वाट ठरवा

एसी विकत घेण्याआधी हातात टेप घेऊन घरात एक फेरी मारा. सगळ्यात चांगली वाट म्हणजे जवळचं बाथरूम, मोरी किंवा ड्राय बाल्कनी, जिथे नाहणी ट्रॅप आहे, म्हणजे वास अडवायला तळाशी थोडं पाणी धरून ठेवणारी जाळीची मोरी. पाइपाचं टोक नाहणीच्या जाळीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, हवेत ठेवायचं. जाळीतून आत खुपसायचं नाही. आत गेलेलं टोक पाण्यात बुडलं तर पाइपातली हवा अडकते. ट्रॅपमधलं पाणी आटलं असेल तर ड्रेनेजचा वास आणि झुरळं पाइपातून थेट बेडरूममध्ये येतात.

बाथरूम लांब असेल तर सोसायटीनं एसीसाठी बाहेरून सामाईक उभा पाइप टाकला आहे का ते विचारा. नसेल तर कमिटीपुढे विषय मांडा. एका ओळीतल्या सगळ्या घरांसाठी ४० मिलिमीटरचा एक उभा पाइप, प्रत्येक मजल्यावर वरून तिरका येणारा वाय-जोड, माथ्यावर हवेसाठी उघडं तोंड आणि तळाशी पावसाच्या पाण्याच्या चेंबरच्या जाळीवर मोकळं टोक, एवढ्यानं काम होतं. जोड आडवा टी घेऊ नका. वरून जोरात येणारं पाणी त्यातून खालच्या घराच्या पाइपात शिरतं.

गच्चीच्या पावसाळी पाइपात जोडायचं असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि खालच्या मजल्यावर राहत असाल तर ही वाट सोडूनच द्या. जुलैच्या धो धो पावसात तो पाइप तुंबला तर गच्चीचं पाणी तुमच्या इनडोरमधून बाहेर येईल. संडासाच्या पाइपात कधीच जोडू नका.

आणि ज्यांना वाटतं की "पडू दे बाहेर, पाणीच तर आहे", त्यांना कळकळीनं सांगतो: खाली कुणाची तरी खिडकी आहे, वाळत घातलेले कपडे आहेत, फुटपाथवरून चालणारं माणूस आहे. इमारतीचंही नुकसान होतं. छज्जाच्या एकाच जागी सतत पाणी पडलं की प्लास्टर सुटतं, आतल्या सळीला गंज चढतो, ती फुगते आणि काँक्रीटचा पोपडा खाली येतो. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत तर हे पाणी लाकडी तुळईत मुरतं. वरून काही दिसत नाही, पण आतून लाकूड कुजत जातं.

ढाळ

आता मुख्य काम. ड्रेन पाइपाला दर मीटरला दोन सेंटिमीटर ढाळ द्या. जागाच नसेल तर एक सेंटिमीटर, त्याखाली नाही. इनडोरपासून बाथरूमची भिंत तीन मीटरवर असेल तर तिथे पोचेपर्यंत पाइप सहा सेंटिमीटर खाली यायला हवा. हे अंदाजानं करायचं नाही. भिंतीवर सुरुवातीची आणि शेवटची खूण करा, दोन्हींमध्ये दोरी ताणा आणि पाइप त्या दोरीनं न्या. गवंडी पाणसळ लावतो तशी पाणसळ पाइपावर दोन-तीन ठिकाणी ठेवून बघा. बुडबुडा सगळीकडे एकाच बाजूला सरकलेला दिसला पाहिजे.

इतकी काटेकोरी का, तर इनडोरचा ट्रे जेमतेम बोटभर खोल असतो. पाणी पुढे ढकलायला त्याच्याकडे तेवढ्याच उंचीचा दाब असतो. पाइपात एक झोळ पडला तर पाणी तिथे साचतं, त्यात धूळ आणि शेवाळी चिकटा बसतो. दोन झोळ पडले तर मधली हवा कोंडते आणि तो बोटभर दाब तिला हलवू शकत नाही. पाइप पूर्ण साफ असतो, कुठे कचरा नसतो, तरीही पाणी घरात. दोन-तीन वेळा 'सर्व्हिसिंग' करूनही गळती थांबत नाही अशा घरांत मी हाच प्रकार सर्वांत जास्त पाहिला आहे. म्हणून भिंतीवर टांगायच्या साध्या इनडोरला पाइपात मुद्दाम यू आकाराचं वळण, म्हणजे ट्रॅप, देऊ नका. छतात लपवून डक्टमधून हवा सोडणाऱ्या डक्टेबल युनिटचं गणित वेगळं असतं, त्याला कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ट्रॅप द्यावा लागतो. तो नियम इकडे लावायचा नाही.

झोळ पडू नये म्हणून आडव्या पाइपाला दर दोन-अडीच फुटांवर क्लॅम्प मारा. सुतळीनं ग्रिलला बांधलेला पाइप उन्हानं मऊ पडतो आणि एका मोसमात लोंबतो.

इनडोर आणि भिंतीतलं भोक

इनडोरची मागची लोखंडी पट्टी पाणसळीत सरळ बसली पाहिजे. फार तर ड्रेनच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर कल चालेल, उलट बाजूला अजिबात नको. बहुतेक इनडोरच्या ट्रेला डावीकडे आणि उजवीकडे अशी पाणी जायची दोन तोंडं असतात. एकाला पाइप लागतो, दुसऱ्याला रबरी बूच. बाजू बदलताना बूच नीट दाबून बसवलं नाही तर नवाकोरा एसी पहिल्या तासात गळतो. बसवणाऱ्याला सरळ विचारा, "दादा, बूच कुठल्या बाजूला आहे? जरा दाखवता का?"

भिंतीतून जाणारं भोक साधारण ६५ मिलिमीटरचं असतं. ते कोअर कटिंगनं, म्हणजे गोल भोक कापणाऱ्या मशीननं, मारून घ्या. हातोडा-छिन्नीनं विटा हलतात आणि पावसाळ्यात तिथून ओल येते. भोकाची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा पाच ते दहा मिलिमीटर खाली हवी. उलटं झालं तर ड्रेनचं पाणी तर अडेलच, शिवाय पावसाचं पाणीही आत येईल. पाइपांची जुडी बांधताना तांब्याचे पाइप वर, वायर बाजूला आणि ड्रेन पाइप सगळ्यात खाली. ड्रेन वर राहिला तर तो तांब्याच्या पाइपावरून उंटाच्या पाठीसारखा चढतो. बाहेरच्या बाजूला टेप खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो आणि कौलांवरून घसरावं तसं पाणी निघून जातं. शेवटी भोकाभोवतीची फट सीलंटनं बुजवा.

पाइप कुठला?

इनडोरबरोबर येणारी वळ्यावळ्यांची नळी साधारण १६ ते १८ मिलिमीटर जाडीची असते. ती फक्त भिंत पार करण्यापुरती वापरा. पुढचा सगळा मार्ग कडक पीव्हीसी पाइपाचा असू द्या: एका एसीला २५ मिलिमीटर, दोन एसी एकत्र येत असतील तर तिथून पुढे ३२. वळ्यांची नळी स्वस्त आणि सोपी, म्हणून बसवणारे तीच लांबवर नेतात. पण तिच्या प्रत्येक वळीत थेंबभर पाणी राहतं आणि त्या थेंबात चिकटा वाढतो.

जोडाचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: वरचा पाइप खालच्याच्या आत. पाणी जोडावरून जातं तेव्हा त्याला फट दिसता कामा नये. नळी आणि कडक पाइप यांच्यामध्ये रिड्यूसर (दोन वेगळ्या जाडीचे पाइप जोडणारा तुकडा) किंवा रबरी कपलर घ्या आणि क्लॅम्पनं आवळा. हा एक जोड सोल्युशननं चिकटवू नका, सर्व्हिसिंगला तो सुटावा लागतो. बाकीचे जोड चिकटवा. नुसती टेप गुंडाळलेला जोड वर्षभरात ढिला पडतो. वळणावर ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन घेतले तर कचरा अडत नाही.

खोलीच्या आतून किंवा फॉल्स सीलिंगमधून जाणाऱ्या पाइपाला नायट्राइल रबराचं आवरण हवंच. आतलं पाणी गार असतं, त्यामुळे उघडा पाइपही बाहेरून घाम सोडतो. उघड्या भिंतीवर ९ मिलिमीटर पुरतं, सीलिंगमध्ये १३ घ्या. पी.ओ.पी.वर पिवळे डाग पडले की लोक पाइप फुटला म्हणून छत फोडतात आणि आत पाइप धडधाकट निघतो, फक्त उघडा.

पाइप भिंतीत खाच मारून नेणार असाल तर प्लास्टर होण्याआधी टेप भिंतीला टेकवून दोन-चार फोटो काढा, कोपऱ्यापासूनचं आणि जमिनीपासूनचं अंतर दिसेल असे. पुढे टीव्हीसाठी ड्रिल मारणाऱ्याला ते दाखवता येतात.

पैसे देण्याआधी पाणी ओतून बघा

एवढी एक चाचणी केली तर निम्मी भांडणं टळतील. एसी सुरू करून 'बघा, गार येतंय' म्हणणं ही ड्रेनची परीक्षा नाही, कारण पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ट्रेमध्ये फारसं पाणीच आलेलं नसतं.

मेन स्विच बंद करायला सांगा. पुढचं झाकण उघडून फिल्टर काढा. बसवणाऱ्यालाच बारीक धारेच्या बाटलीनं कॉइलवरून दोन लिटर पाणी हळूहळू सोडू द्या. इलेक्ट्रॉनिक भाग बहुतेक युनिटांत उजवीकडे असतो, त्यामुळे धार मध्यभागी आणि डावीकडे ठेवायची. तुम्ही दुसऱ्या टोकाला, बाथरूममध्ये, पाइपाखाली अंघोळीचा मग धरून उभे राहा. सुरुवातीला दोन-चार थेंब, मग एकसारखी बारीक धार यायला हवी. धार तुटत तुटत, गुडगुड करत आली तर कुठेतरी झोळ आहे. ओतलेल्यातलं थोडं पाणी कॉइलवर आणि ट्रेमध्ये राहतं, पण दोन लिटर ओतून एकच बाहेर आलं तर बाकीचं कुठे गेलं ते तिथल्या तिथे शोधा. मग सगळे जोड कोरड्या टिश्यू पेपरनं पुसा. पेपर ओला झाला तर जोड गळतोय.

बाहेरचं टोक

टोक खाली वळलेलं आणि तिरकं कापलेलं असू द्या. मुंबईत दोन पाहुणे हमखास येतात. एक पाल, दुसरी कुंभारीण माशी. ही माशी मातीचं घर बांधायला बोटभर भोक शोधत असते आणि एसी बंद असलेल्या महिन्यांत तुमच्या पाइपाइतकी सोयीची जागा तिला दुसरी नाही. टोकाला जाळी लावा, पण मोठ्या भोकांची. पायमोज्याचं कापड किंवा मच्छरदाणीचा तुकडा महिन्याभरात चिकट्यानं बंद होतो.

पाणी बादलीत घेत असाल तर ती रोज रिकामी करा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. पालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात घरी येऊन कुंड्यांखालच्या बशा आणि एसी-फ्रिजचे ट्रे बघतात ते यासाठीच.

हे पाणी लादी पुसायला, संडासात ओतायला उत्तम. पिऊ नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका. दिसायला डिस्टिल्ड असलं तरी ते धातूच्या कॉइलवरून आणि धुळीच्या ट्रेमधून आलेलं असतं.

ढाळ मिळतच नसेल तर

काही घरांत तुळई किंवा खिडकी अशी आडवी येते की पाणी वर उचलण्यावाचून गत्यंतर नसतं. तिथे छोटा ड्रेन पंप लागतो. पंप घ्यायचाच असेल तर फ्लोटची (पाणी वाढलं की वर उचलल्या जाणाऱ्या तरंगत्या स्विचची) सेफ्टी वायर एसीला जोडून घ्या, म्हणजे पंप बंद पडला तर एसीही थांबेल. ही वायर मोकळी सोडून गेलेला माणूस तुमचं काम अर्धवट सोडून गेला असं समजा. पण आधी इनडोर दुसऱ्या भिंतीवर नेता येतो का ते बघा. पंप आवाज करतो, त्याची साफसफाई लागते आणि तो कधीतरी बिघडतोच.

देखभाल आणि गळती ओळखणं

फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. ड्रेनची सफाई वर्षातून दोनदा: मार्चमध्ये, उन्हाळा लागण्याआधी, आणि पुन्हा पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मुंबईत ११ जूनच्या आत. ओलं खेचणारा व्हॅक्यूम बाहेरच्या टोकाला लावा, भोवती फडकं आवळा आणि दोन मिनिटं ओढू द्या. तपकिरी जेलीसारखा चिकटा येईल, तोच तुमचा शत्रू. नंतर भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकलेलं कोमट पाणी ट्रेमधून सोडा, मग साधं पाणी. बाहेरून जोराची हवा मारू नका. घाण उलटी ट्रेमध्ये जाते आणि आतला जोड निसटतो. ॲसिड आणि ब्लीच तर नकोच, ॲल्युमिनियमच्या पात्यांना ते खातात.

टोक खिडकीबाहेर असेल तर ग्रिल ओलांडून छज्जावर उतरू नका, आणि बेल्ट न लावता तंत्रज्ञालाही उतरू देऊ नका. "दोन मिनिटांचं काम आहे साहेब" म्हणत ती मुलं चौथ्या मजल्यावर एका हातानं लोंबकळतात. त्यांना थांबवणं आपल्या हातात आहे.

गळती लागली की कधी आणि कुठून, एवढं आधी बघा. एसी लावल्यावर अर्ध्या-एक तासानं गळतं आणि बाहेरचं टोक कोरडं आहे, तर ड्रेन तुंबलाय. एसी बंद केल्यावर एकदम भसकन पाणी येतं, तर कॉइलवर बर्फ धरलाय: फिल्टर घाण असेल किंवा गॅस कमी. नुसत्या पावसात, एसी बंद असतानाही भिंत ओली होते, तर भोक उलट्या ढाळाचं आहे किंवा सीलंट सुटलाय. समोरच्या झडपेवर थेंब जमतात, तर बहुधा खिडकी किंवा दार उघडं आहे आणि दमट हवा गार प्लास्टिकवर बसतेय. दार लावा, तासाभरात थांबेल. इनडोरच्या मागे भिंतीवर लांबट ओला पट्टा दिसला तर बहुधा तांब्याच्या पाइपाचं आवरण कुठेतरी फाटलंय, आधी ते बघा.

आमचा पाइप शेवटी खिडकीच्या खालून नेला. त्यासाठी इनडोर समोरच्या भिंतीवरून काढून बाथरूमच्या बाजूच्या भिंतीवर आणावा लागला. अंतर तीन मीटरवरून सव्वा मीटर झालं, एकूण ढाळ अडीच सेंटिमीटर. नाहणीवर रात्री बारीक टपटप ऐकू येते. पुढच्या एप्रिलमध्ये काकूंनी त्याच ग्रिलवर साडी पसरली आणि एक ताट वर पाठवलं, तळलेल्या कुरडयांचं.